हात सुटला की थांबायचं

दादा, म्हणजे माझे वडील, गेले तेव्हा त्यांचा हात माझ्या हातात होता. सहा वर्षांची असल्यापासून मी त्या हाताला धरून चालत आले होते, त्यामुळे तो सैल पडल्याचं मला कुणी सांगावं लागलं नाही. बाहेर उजाडत होतं. आई उशाशी बसली होती. मी तिच्याकडे बघितलं आणि तिलाही कळलं.

आठ वाजेपर्यंत वस्तीतली सगळी माणसं दारात जमली. नऊ वाजता माझ्या लक्षात आलं, की दादांना न्यायला वाट नाही.

आमचं गाव खटकचिंचोळीच्या बाजारापासून दोन कोसांवर. वस्तीचा मसणवटा ओढ्याकाठी आहे आणि तिथं जायची वाट गुरुशांतप्पांच्या शेतातून जाते. जाते म्हणजे पूर्वी जात होती. दर वर्षी नांगराच्या एकेका तासानं ती अरुंद होत गेली, तीन सालांपासून तिरडी नेण्याजोगी राहिली नाही आणि त्या साली, म्हणजे अठ्ठ्याऐंशीत, पेरणीची तिफण सरळ तिच्यावरून फिरली. पाऊस चांगला झाला होता. गुडघ्याएवढा उडीद उभा होता, शेंगा काळ्या पडत आल्या होत्या, आठ दिवसांत काढणी. दुसरी वाट माळाला वळसा घालून तीन मैलांची, आणि शेवटी कमरेएवढ्या पाण्यातून. दोन पावसाळ्यांपूर्वी तिकडून एका म्हातारीला नेताना तिरडी पाण्यात कलली होती. ते बघून आलेली माणसं अजूनही त्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात.

व्यंकट माझा चुलत भाऊ. भालकीला शिवणकामाचं दुकान आणि वस्तीतल्या पोरांचं मंडळ, दोन्ही तोच चालवतो. त्यानं मला बाजूला घेतलं.

"अक्का, रडायला आयुष्य पडलंय. आधी हे बघ." त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. शेताचा नकाशा होता. तुटक रेघेनं वाट दाखवलेली. "तालुक्यातनं नक्कल काढून आणलीय मी. वाट हाय. कागदावर हाय. पोरं तयार हायेत, खोरी-कुदळी घेऊन. उडीद तुडवत नेऊ दादाला."

"आणि गुरुशांतप्पांच्या वीरण्णाची माणसं आडवी आली तर?"

"येऊ देत की. मग तिरडी चावडीसमोर ठेवू. पोलीस येऊ देत, साहेब येऊ देत."

मी दारातून आत बघितलं. आई दादांच्या पायांवरची चादर सारखी करत होती.

"मला त्यांच्याशी बोलू दे," मी म्हणाले.

"बोलून काय व्हनार? तीन वर्षं बोलायलोय आम्ही."

"दुपारपर्यंत थांब."

"बारा वाजंस्तोर," व्यंकट म्हणाला. "मग आमची पद्धत."

मी गुलबर्ग्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. भांडणं कशी मिटवावीत यावरची बरीच पुस्तकं माझ्या हाताखालून गेली आहेत, त्यातली काही मी वाचलीही आहेत. तरी त्या सकाळी मी पहिली चूक केली ती शिकलेल्या माणसाची. नकाशा हातात घेऊन मी गुरुशांतप्पांच्या अंगणात गेले.

ते लिंबाखाली बाजेवर बसले होते. पासष्टीच्या जवळ आलेला माणूस, कपाळावर विभूती, डोक्याला पांढरा रुमाल. थोरला मुलगा वीरण्णा उंबऱ्याशी फवारणीचा पंप उघडून बसला होता.

"नागनाथ गेला व्हय?" त्यांनीच विचारलं.

"हो अप्पा. पहाटे."

"चांगला मानूस," ते म्हणाले. "लई चांगला मानूस."

तिथंच थांबायला हवं होतं. पण मला बारा वाजायची घाई होती. मी नकाशा उलगडला आणि सर्व्हे नंबरापासून वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला गुरुशांतप्पांचा चेहरा बंद झाला. दार लावून घ्यावं तसा.

"कागद आनलीस?" ते म्हणाले. "बाप घरात पडलाय आन् तू मला कागद वाचून दाखवायलीस?"

वीरण्णा मान वर न करता म्हणाला, "कोर्टात वाचावं म्हनावं, शोभाक्का. तिथं खुर्ची बी देत्यात."

मी बाहेर आले. त्यांच्या गोठ्याच्या भिंतीला टेकून रस्त्याकडेला बसले. रडू आलं नाही. हातात तो कागद होता आणि मला एकदम आठवलं, की याच अंगणात मी नऊ वर्षांची असताना आले होते. तेव्हा माझ्या हातात दादांचं बोट होतं.

*

दादांचे डोळे त्रेसष्ट साली गेले. चुन्याच्या भट्टीवर कामाला होते. ओल्या चुन्याचा फवारा उडाला आणि दोन्ही डोळ्यांत गेला. त्याआधी ते पैलवान होते, आसपासच्या दहा गावांत नाव असलेले. डोळे गेल्यावर तीन वर्षं ते घरात बसले. आई मजुरीला जायची, मी त्यांना ओढ्यावर न्यायची, आणायची. रस्त्यातलं सगळं मी त्यांना सांगत जायचे. दादा, पुढं दगड हाय. दादा, डावीकडं बाभळ. दादा, दोन बायका येत्यात.

मग कुणीतरी सांगितलं, की कमठाण्याला बाबूलाल म्हणून एकजण आहे. लहानपणी देवी आल्या त्यात दोन्ही डोळे गेलेला. तो आपल्या भावांशी अंगणात कुस्ती धरतो. दादांनी दोन दिवस काही खाल्लं नाही धड. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "शोभे, चल. अप्पाकडं जायचंय."

जत्रेतल्या कुस्त्या गुरुशांतप्पा जोडायचे. अंगण माणसांनी भरलेलं होतं. शेजारी राघोबा वस्ताद, आमच्या भागातले जुने पंच, सुपारी कातरत बसले होते. आम्ही पायरीच्या खाली उभे राहिलो. वस्तीतली माणसं तिथंच उभी राहायची.

"नागनाथ, तू कामून आलास?" गुरुशांतप्पा म्हणाले. "नारळ-धोतर देनार हाव की तुला. जुना पैलवान म्हनून."

"नारळ नको अप्पा. जोड द्या. कमठाण्याचा बाबूलाल."

अंगणात हसू फुटलं. कुणीतरी म्हणालं, "दोघं दोन दिशेला धरत्याल आन् मधी पंच चिरडंल."

"राघोबा आदी पळंल," दुसरा म्हणाला.

"आन् जत्रा सोडली म्हनता तुम्ही," तिसरा म्हणाला. "देवळाकडं फिरकत न्हाईत, हलगी वाजवत न्हाईत. कुस्ती बरी पायजे?"

"देऊळ सोडलंय," दादा म्हणाले. "माती सोडली न्हाई."

गुरुशांतप्पांना हसू आलं होतं, पण ते दाबून म्हणाले, "आरं, दिसत न्हाई तर पकड कशी करनार?"

"अप्पा, बाजारात खोंडाचा सौदा कसा करता?"

"रुमालाखाली. सगळेच करत्यात."

"रुमालाखाली कुनाचं डोळं चालतंय?"

आमच्याकडच्या बैलबाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. दोघं हातात हात घेतात, वर रुमाल टाकतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. बघणाऱ्याला काही कळत नाही. ठरलं की हात झटकायचा. काय ठरलं ते दोघांनाच ठाऊक.

"टाका रुमाल," दादा म्हणाले आणि त्यांनी हात पुढं केला.

मी दादांच्या शेजारी उभी होते, म्हणून मला गुरुशांतप्पांचा चेहरा दिसला. आमच्यातल्या माणसाचा हात त्यांच्या घराण्यात कुणी असा अंगणात, लोकांसमोर धरलेला नव्हता. त्यांनी डोक्याचा रुमाल काढला, दोन पायऱ्या उतरले, हात हातात घेतला आणि घाईनं वर रुमाल टाकला. झाकल्यावर मात्र त्यांचे खांदे सैल झाले.

"आता मला फसवून बघा," दादा म्हणाले. "मनात पुढं यायचं का मागं, ते धरा. मी सांगतो." जरा थांबून म्हणाले, "मागं." पुन्हा थांबले. "आता बी मागं. आता डावीकडं. आता तुमाला हसू यायलंय."

गुरुशांतप्पा खरंच हसत होते.

तिथंच नियम ठरले, आणि ते दादांनी सांगितले तसेच ठरले. सलामी हात धरून. हात सुटला की पंचानं ओरडायचं आणि दोघांनी जागच्या जागी थांबायचं. पुन्हा हात हातात दिल्याशिवाय कुणी हलायचं नाही. आणि एक नियम सगळ्यांत आधीचा. लढायच्या आधी आपल्यात काय उणं आहे ते ज्यानं त्यानं तोंडानं सांगायचं, पंचाला आणि समोरच्याला.

"हे कशाला?" राघोबा वस्तादांनी विचारलं. "उलट लपवत्यात लोक."

"डोळ्याचा मानूस समोरच्याचं उणं बघून घेतो," दादा म्हणाले. "आमी कसं बघनार? सांगायलाच पायजे."

जत्रेच्या दिवशी लोक हसायलाच जमले होते. कुस्तीच्या हौद्यात दोघांना समोरासमोर आणलं. बाबूलाल दादांपेक्षा बुटका, मानेनं जाड. तो म्हणाला, "माझा डावा कान बहिरा हाय. पंचानं उजवीकडनं वरडावं." लोक हसले. दादा म्हणाले, "माझ्या उजव्या डोळ्यात उजेडाचा डाग ऱ्हायलाय. मानूस दिसत न्हाई, पन सूर्य कुठं हाय ते कळतं, सावली आडवी आली तर कळतं. मला पट्टी बांधा."

या वेळी कुणी हसलं नाही. राघोबा वस्तादांनी स्वतःचा रुमाल सोडून दादांच्या डोळ्यांवर बांधला.

कुस्ती बरीच लांबली. दोनदा हात सुटला. दुसऱ्या वेळी बाबूलाल घसरून दादांच्या पायाशीच आला, पाठ इकडं आणि तोंड तिकडं. त्याचा धापा टाकल्याचा आवाज मला काठावर ऐकू येत होता, म्हणजे दादांना नक्कीच येत होता. वाकून कंबर धरली असती तरी झालं असतं. राघोबा ओरडले, "थांब!" दादा आधीच थांबले होते. हात पुढं करून बाबूलालनं तो शोधायची वाट बघत.

शेवटी बाबूलालनं दादांना पाडलं. लोकांनी दोघांनाही उचललं.

घरी येताना मी रडत होते. "पट्टी बांधली नसती तर जिंकला असता," मी म्हणाले.

"बहुतेक," दादा म्हणाले. त्यांच्या केसांत लाल माती होती आणि ते तीन वर्षांत पहिल्यांदा भरभर चालत होते. "पन मग पुढल्या साली बाबूलाल आला नसता."

बाबूलाल अकरा वर्षं येत राहिला. दादा त्यात चार वेळा जिंकले. मधल्या काळात ते बैलबाजारात बसू लागले. बैलाच्या अंगावरून हात फिरवून वय सांगायचे, अडलेला सौदा जोडून द्यायचे. गुरुशांतप्पांचा आणि त्यांच्या भावाचा बांधाचा वाद त्यांनीच मिटवला होता. कसा, ते दोघांपैकी कुणी कधी सांगितलं नाही, आणि दादांनीही नाही.

*

मी कागदाची घडी घातली आणि पिशवीत तळाशी ठेवली. परत अंगणात गेले. साडेदहा झाले असतील.

"आता काय ऱ्हायलं?" वीरण्णा म्हणाला.

"अप्पा," मी म्हणाले, "रुमाल टाका."

त्यांना लगेच समजलं. डोळ्यांत काहीतरी हललं. पण ते उठले नाहीत. दारात त्यांची बायको ईरम्मा येऊन उभी राहिली होती. तिच्याकडे, मग वीरण्णाकडे त्यांनी बघितलं.

"बायामानसाचा हात धरून सौदा करत्यात व्हय कुठं?" ते पुटपुटले.

"बाजारात बाया नसत्यात म्हनून," ईरम्मा म्हणाली. ती खाली आली, नवऱ्याच्या डोक्यावरचा रुमाल तिनंच काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. "नागनाथची पोर हाय ती. त्याच्या हाताला हात लावलाव की तुमी. झिजला का?"

मी बाजेसमोर जमिनीवर बसले. त्यांनी हात पुढं केला. खरखरीत, गरम, म्हाताऱ्या माणसाचा हात. वर रुमाल पडला.

"आधी माझं उणं सांगते," मी म्हणाले. "माझ्याकडं संध्याकाळपर्यंतच वेळ आहे. आईला माळावरून चालवत नाही. वस्तीतली पोरं माझं ऐकतीलच असं नाही. कागद खरा आहे, पण त्याच्या जोरावर मला दादांना न्यायचं नाही. पोलिसांच्या मधून त्यांना नेलं तर मला ते आयुष्यभर दिसत राहील. एवढं आहे."

रुमालाखाली त्यांचा हात एकदा घट्ट झाला आणि मग ढिला पडला. कुणी श्वास सोडावा तसा. दादांनी मला शिकवलं होतं, हात ढिला पडला की ओढायचं नाही, खरं बोलणं त्याच वेळी येतं.

"माझं उणं," गुरुशांतप्पा म्हणाले. आवाज इतका खाली, की मला वाकावं लागलं. "शेत आता माझं न्हाई. तीन सालामागंच पोराच्या नावावर केलंय. गावात कुनाला सांगितलं न्हाई मी. लोक अजून माझ्याकडं येत्यात, मी हूं हूं करतो. वाट द्यायचा अधिकार मला न्हाई बाई."

वीरण्णाचे हात पंपावर थांबले. ईरम्मा खाली बघत होती.

तीन वर्षं वस्तीतली माणसं चुकीच्या माणसाशी बोलत होती, आणि हे सांगायला त्या माणसाला लाज वाटत होती. एवढीच गाठ होती ती.

"मग वीरण्णाचा हात लागेल," मी म्हणाले.

"माझा कशाला?" वीरण्णा म्हणाला. पण आला. हात पँटला पुसला, बापाच्या शेजारी बाजेवर बसला. रुमालाखाली म्हाताऱ्यानं माझा हात सोडला आणि मुलाचा माझ्या हातात दिला. वीरण्णाचा हात ताठ होता, निघून जायच्या तयारीत असलेला.

"तुझं उणं सांग," गुरुशांतप्पा त्याला म्हणाले.

"माझं काय उनं? जमीन माझी, पीक माझं."

"सांग की रे. भितोस कशाला?"

माझ्या हातात त्याची नाडी उडत होती. मग एकदम म्हणाला, "त्या व्यंकटानं बाजारात चारचौघात काय म्हनलं माहीत हाय का? वीरण्णाला मागायचं नसतं, दाबायचं असतं म्हनं. आज वाट दिली तर उद्या लोक म्हनतील, भिऊन दिली. मी कुठल्या तोंडानं बाजारात जाऊ?"

"असं म्हणाला तो?"

"इचार जा."

तो तसं म्हणाला असेल, हे मला माहीत होतं. "त्याबद्दल मी त्याच्या वतीनं काही बोलत नाही," मी म्हणाले. "पण ते चुकीचं होतं."

मी रुमालाखाली त्याची बोटं दाबली. एक हात पूर्ण, वर एक बोट. सहा. उडदाच्या सहा ओळी काढल्या तर चार माणसं तिरडी खांद्यावर घेऊन सरळ चालू शकतात. त्यानं माझी दोन बोटं दाबली. मी पुन्हा सहा दाबली. त्याचा अंगठा अडखळला, तिसऱ्या बोटावर आला, तिथून पुढं सरकणार एवढ्यात शेताच्या बाजूनं आरडाओरडा ऐकू आला.

वीरण्णानं हात हिसकला. रुमाल खाली पडला. तो उभा राहून भिंतीवरून बघू लागला. बांधावर व्यंकट आणि पंधरा-वीस पोरं, खांद्यावर खोरी. बारा वाजायला अजून अवकाश होता.

"बघ," वीरण्णा म्हणाला. "बघ, तुझा सौदा."

"हात सुटला," गुरुशांतप्पा म्हणाले. स्वतःशीच.

अंगणात आणखी कुणी पुरुष नव्हता. गडी रानात पांगले होते. त्या क्षणी मी नुसती बसून राहिले असते आणि 'बघा, मी काय करू' एवढंच म्हणाले असते, तरी वाट मिळाली असती. सहा काय, दहा ओळी मिळाल्या असत्या. हे मला दिसत होतं, आणि वीरण्णालाही दिसत होतं, की मला ते दिसतंय.

मी उठले आणि बांधाकडे पळाले.

"व्यंकट, मागं फिर."

"वीस माणसं बघून त्याची गाळन उडाली असंल आता. जा, माग काय मागायचं ते!"

"हात सुटलाय," मी म्हणाले. "मध्येच सुटलाय. तू सोडवलास."

"म्हंजे?"

"दादांच्या कुस्तीला लहानपणी झाडावर चढून बसायचास ना तू? हात सुटला की काय करायचं असतं?"

पोरांपैकी कुणीतरी हळूच म्हणालं, "थांबायचं." वस्तीत ते सगळ्यांनाच माहीत होतं.

व्यंकट खोऱ्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. "ती कुस्ती व्हती अक्का. हे काय खेळ हाय का?"

"तुला काय वाटतं, ते खेळत होते?"

त्याचे डोळे भरून आले होते. दादांनीच त्याला सांभाळलं होतं, त्याचा बाप गेल्यावर. "किती मागं जायचं?" शेवटी त्यानं विचारलं.

"घरापर्यंत. खोरी इथं दिसायला नकोत."

"आन् तू एकटी?"

"ते तिघंच आहेत. मी मोजलंय."

पोरं परत निघाली. कुणी चिडलं, कुणी शिवी हासडली, पण गेली. मी अंगणात आले तेव्हा वीरण्णा भिंतीपाशीच उभा होता. त्यानं सगळं बघितलं होतं. बाजेवर येऊन बसला. पडलेला रुमाल त्यानं उचलून झटकला, आणि या वेळी हात आधी त्यानं पुढं केला.

पुढचं दहा मिनिटांत झालं. मी चारवर आले, तोही चारवर आला. त्याच्या दोन अटी होत्या. ओळी त्याच्या घरची माणसं उपटणार, वस्तीतल्या कुणी हात लावायचा नाही. म्हणजे लोकांना दिसेल, की दिली ती त्यानं दिली. आणि कायमच्या वाटेचं आज बोलायचं नाही. दुसरी अट मला जड गेली. व्यंकट मला माफ करणार नाही हे दिसत होतं. मी मान डोलावली आणि माझी अट सांगितली. काढणी झाली की तो, व्यंकट आणि मोजणीदार असे बसतील, आणि बाजारातल्या त्या बोलण्याबद्दल जे म्हणायला हवं ते व्यंकट त्याला आधी म्हणेल.

"ते म्हनंल व्हय?"

"मी बघते."

वीरण्णानं हात झटकला. सौदा झाला.

*

तीन वाजता आम्ही निघालो. उपासकांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. पुढं व्यंकट आणि तिघं खांदा देऊन. मागं मी आईला धरून. गुरुशांतप्पा बांधावर उभे होते, डोक्याला रुमाल नव्हता. तिरडी जवळ आली तसे ते खाली उतरले आणि आमच्या मागं चालू लागले. ईरम्मा बांधावरच थांबली. उपटलेला उडीद शेंगांसकट कडेला रचून ठेवला होता. वाटेच्या तोंडाशी वीरण्णा उभा होता, कोपरापर्यंत हात काळ्या मातीनं भरलेले. गडी बाजूला होते. त्यातला बराचसा उडीद त्यानं स्वतः उपटला असावा.

शेतात पाऊल टाकलं आणि सवयीनं मी मनात बोलू लागले. दादा, वाट ओली हाय. दादा, उजवीकडं उडदाचा ढीग. दादा, डावीकडं विहिरीचा काठ. ओळींच्या जागी उपटलेल्या मुळांचे खड्डे होते, ओळीनं, सरळ. चालता चालता ते मोजणंही सवयीचंच. एक, दोन, तीन, चार.

पाच. सहा.

मी पुन्हा मोजलं. तिरडी सरळ चालली होती. कुणाचा खांदा पिकाला घासत नव्हता, कुणाला तिरकं व्हावं लागत नव्हतं.

मसणवट्यातून परतताना व्यंकट माझ्या बाजूला आला. "रुंद दिली की," तो म्हणाला. "किती ठरलं व्हतं?"

मी मागं वळून बघितलं. वीरण्णा ओढ्याच्या पाण्यात हात धूत होता. त्यानं आमच्याकडं बघितलं आणि लगेच नजर पाण्याकडं वळवली.

"रुमालाखालचं सांगत नसतात," मी व्यंकटला म्हणाले.

घराकडे जाताना मात्र मी ते दादांना सांगितलं, अगदी हळू. आईचा हात माझ्या हातात होता. तिनं ऐकलं असेल तरी विचारलं नाही.